आईच्या जन्माआधीचे विक्रम



या महिन्याच्या भित्तिपत्रकात मी लंगडीवर लिहिणार होते. तसं गुरुजींना सांगितलंही होतं. पण त्याच शनिवारी गुरुजींनी आम्हा चौथीच्या मुलांना मोबाइलवर एक जुनी शर्यत दाखवली आणि लंगडी मागे राहिली.

ती शर्यत महिलांची होती, १०० मीटर धावण्याची. दिनांक १६ जुलै १९८८, ठिकाण अमेरिकेतील इंडियानापोलिस शहर. तिच्यात जांभळा पोशाख घातलेली एक बाई धावते. त्या पोशाखाला एकच पाय आहे, दुसरा पाय उघडा. नखे तर एवढी लांब की आमची मुले हसायलाच लागली. गुरुजी म्हणाले, "हसू नका, घड्याळाकडे बघा." घड्याळात १०.४९ सेकंद होते. तिचे नाव फ्लॉरेन्स ग्रिफिथ जॉयनर. गुरुजी म्हणाले, "हा जागतिक विक्रम आहे. तो आजपर्यंत कोणालाही मोडता आलेला नाही."

माझी आई १९९० साली जन्मली. म्हणजे हा विक्रम माझ्या आईपेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे!

घरी जाऊन मी हे सांगितलं. आजी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "म्हंजी तवापासनं कुणी पळालंच न्हाई का गं?" मला उत्तर देता आलं नाही. मग मी गुरुजींना रोज मधल्या सुट्टीत विचारत गेले. ते जे सांगतील ते वहीत लिहून घेतलं. तोच हा लेख आहे. आजीला वाचून दाखवायचा आहे, म्हणून मी सोपं लिहिलं आहे.

आधी एक सांगते. असा म्हातारा विक्रम एकच नाही. १०० मीटर, २०० मीटर, ४०० मीटर आणि चौघींनी मिळून पळायची ४ गुणिले ४०० मीटर रिले, या चारही शर्यतींतले महिलांचे जागतिक विक्रम १९८५ ते १९८८ या काळातले आहेत. २०२५ सालच्या स्पर्धा संपल्या तेव्हासुद्धा ते तसेच होते. पुरुषांचे असं नाही. पुरुषांचा १०० मीटरचा विक्रम १९८८ नंतर पुष्कळ वेळा मोडला आणि शेवटी जमैकाच्या उसेन बोल्टने २००९ साली ९.५८ सेकंद केले. मग बायकांचेच विक्रम का अडकून बसले? हाच खरा प्रश्न आहे.

आता त्या फ्लॉरेन्सबद्दल. तिचा जन्म १९५९ साली लॉस एंजेलिस शहरात झाला. अकरा भावंडांत ती सातवी. आई शिवणकाम करायची. फ्लॉरेन्स मोठी झाल्यावर काही दिवस बँकेत नोकरी करत होती. तिचे ते एका पायाचे पोशाख तिने स्वतःच ठरवलेले असत. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये तिला २०० मीटरला रौप्यपदक मिळाले. १०० मीटरमध्ये मात्र १९८७ पर्यंत तिची सर्वांत चांगली वेळ १०.९६ सेकंद होती. जगाचा विक्रम तेव्हा १०.७६ होता, तो तिच्याच देशाच्या एव्हलिन ॲशफर्डचा. आणि १९८८ साली एकदम १०.४९! आमच्या वर्गातली पोरं म्हणाली, त्यात काय, थोडंच तर कमी झालं. पण मी हिशोब केला. १०.७६ वाली आणि १०.४९ वाली एकत्र पळाल्या तर पहिली रेषेवर पोचेल तेव्हा दुसरी जवळजवळ अडीच मीटर मागे असेल. अडीच मीटर म्हणजे आमच्या वर्गाच्या दारापासून गुरुजींच्या टेबलापर्यंत. एवढ्या वेगवान शर्यतीत हे खूपच झालं.

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात कोरियात सेऊल येथे ऑलिंपिक झाले. २०० मीटरचा विक्रम तोपर्यंत २१.७१ सेकंद होता. २९ सप्टेंबरला फ्लॉरेन्सने उपांत्य फेरीत तो २१.५६ केला आणि त्याच दिवशी अंतिम फेरीत २१.३४. एका दिवसात दोनदा. हाही अजून तसाच आहे. त्या ऑलिंपिकमध्ये तिला तीन सुवर्ण आणि एक रौप्य मिळाले. पुढच्या वर्षी तिने पळणं सोडलं. आणि १९९८ साली झोपेत आकडी येऊन ती वारली. वय फक्त ३८. हे ऐकून आम्ही सगळे गप्प बसलो.

४०० मीटरची गोष्ट दुसऱ्या देशातली आहे. तेव्हा जर्मनीचे दोन देश होते. त्यातल्या पूर्व जर्मनीची मारिटा कॉख. तिने ६ ऑक्टोबर १९८५ रोजी ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे ४७.६० सेकंदांत शर्यत जिंकली. त्याच शर्यतीत दुसरी आली रशियाकडची, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाची, ओल्गा व्लादिकिना. तिचे ४८.२७. हे नाव लक्षात ठेवा. कारण लग्नानंतर ती ओल्गा ब्रिझगिना झाली आणि १ ऑक्टोबर १९८८ ला सेऊलमध्ये सोव्हिएत संघाच्या रिलेत शेवटची पळाली. अमेरिकेकडून शेवटी कोण पळाली असेल? आपली फ्लॉरेन्स! ब्रिझगिना पुढे राहिली. सोव्हिएत संघाच्या चौघींनी ३ मिनिटे १५.१७ सेकंदांचा विक्रम केला. अमेरिकेचे ३ मिनिटे १५.५१. म्हणजे फ्लॉरेन्सला ते एक रौप्य मिळाले ते या शर्यतीत. आता तो सोव्हिएत संघही नाही आणि पूर्व जर्मनीही नाही. देश गेले पण विक्रम राहिले!

आता आजीचा प्रश्न. तेव्हापासून कुणी पळालंच नाही का? पळाल्या की! खूप पळाल्या. जमैका नावाचा वेस्ट इंडीजमधला छोटा देश आहे. तिथली इलेन थॉम्पसन-हेरा हिने २०२१ साली १०.५४ सेकंद केले. तिथलीच शेरिका जॅक्सन २०२३ साली बुडापेस्टला २०० मीटर २१.४१ मध्ये पळाली. २०२५ साली टोकियोत अमेरिकेची सिडनी मॅकलॉफलिन-लेव्ह्रोन ४०० मीटर ४७.७८ मध्ये पळाली. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या चौघींनी रिले ३ मिनिटे १५.२७ सेकंदांत संपवली. म्हणजे सगळ्या अगदी दाराशी येऊन थांबल्या.

किती जवळ, ते आकड्यांत कळत नाही. म्हणून आम्ही पटांगणावर टेप लावून फक्कीने रेघा मारल्या. विक्रमवाली रेषेवर पोचली असं धरायचं आणि दुसरी तेव्हा कुठे असेल ते बघायचं. १०० मीटरची इलेन सुमारे अर्धा मीटर मागे. २०० ची शेरिका सुमारे ६५ सेंटिमीटर मागे. रिलेच्या चौघी मिळून १६०० मीटर पळाल्या आणि मागे राहिल्या सुमारे ८२ सेंटिमीटर. ४०० ची सिडनी दीड मीटर मागे. (हा हिशोब सगळीकडे सारखा वेग धरून केला आहे. गुरुजींनी तपासला आहे.)

मग जुन्या विक्रमांत असं काय आहे? दोन गोष्टी आहेत. एक वारा आणि दुसरी औषधे.

आधी वारा. वारा पाठीमागून असला की तो ढकलतो. म्हणून नियम असा की १०० आणि २०० मीटरला पाठीमागचा वारा सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त असेल तर विक्रम धरत नाहीत. शर्यत जिंकली तर पदक मिळते पण विक्रम मिळत नाही. वारा मोजायचे यंत्र धावपट्टीच्या कडेला ठेवतात. ४०० मीटरला वारा मोजत नाहीत, कारण तिथे पूर्ण गोल फेरी असते. एका बाजूला वारा पाठीवर आला तर दुसऱ्या बाजूला तोंडावर येतो.

आम्हाला हे खरं वाटेना. आमच्या पटांगणाची ओढ्याकडची बाजू उघडी आहे आणि पावसाळ्यात तिकडून वारा सरळ शाळेकडे येतो. आमच्या वर्गात जी मुलगी सर्वांत जोरात पळते तिला गुरुजींनी ६० मीटर पळवले. ओढ्याकडून शाळेकडे १०.३ सेकंद. मग शाळेकडून ओढ्याकडे ११.२. मुले म्हणाली, दुसऱ्या वेळी ती दमली असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी उलट केले, आधी वाऱ्याच्या विरुद्ध आणि मग वाऱ्याबरोबर. तरी वाऱ्याबरोबरच ती लवकर पोचली. घड्याळ हाताने दाबलेले होते, त्यामुळे थोडं पुढेमागे होतंच. खऱ्या स्पर्धेत यंत्रच वेळ घेतं. १९७७ पासून या शर्यतींचे जागतिक विक्रम यंत्राच्या वेळेवरच धरतात.

आता इंडियानापोलिसची गंमत ऐका. फ्लॉरेन्सच्या १०.४९ च्या वेळी वाऱ्याच्या यंत्राने ०.० दाखवले. म्हणजे वारा अजिबात नाही. पण त्याच मैदानावर त्याच वेळी तिहेरी उडी चालली होती आणि तिथल्या यंत्रावर वारा ४.३ होता. त्या आधीच्या फेरीत फ्लॉरेन्स १०.६० मध्ये पळाली तेव्हा ३.२ वारा होता. आणि तिच्या शर्यतीनंतर थोड्याच वेळाने त्याच फेरीतल्या दुसऱ्या गटाला ५.० वारा लागला. मग मधल्याच वेळी वारा कुठे गेला? आमच्याकडे वारा पडतो तेव्हा सगळीकडेच पडतो, एका खांबाला पडून दुसऱ्या खांबाला वाहत नाही. १९९५ साली निक लिंथॉर्न नावाच्या शास्त्रज्ञाने याचा अभ्यास केला आणि सांगितले की त्या शर्यतीला पाठीवर जोराचा वारा होता, यंत्र चुकले असावे. तरी विक्रम कायम राहिला. आकडेवारीच्या मोठ्या वार्षिक पुस्तकात त्या विक्रमापुढे तशी टीप छापतात, पण विक्रम खोडत नाहीत.

हे ऐकून आमच्या वर्गात दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, खोटा विक्रम, पुसून टाका. मीही आधी त्याच पक्षात होते. पण मग गुरुजींनी दुसऱ्याच दिवशीची वेळ सांगितली. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत फ्लॉरेन्स १०.६१ सेकंदांत पळाली. तेव्हा वारा १.२ होता, म्हणजे नियमात. आता बघा, १०.४९ पुसला तरी विक्रम तिचाच राहतो! १०.६१ ची बरोबरी व्हायला २०२१ साल उजाडावे लागले. टोकियो ऑलिंपिकमध्ये इलेनने १०.६१ केले आणि तीन आठवड्यांनी १०.५४. म्हणजे वारा काढून टाकला तरी ३३ वर्षे उरतातच. मी माझा पक्ष सोडला. पण दुसऱ्या पक्षातही गेले नाही, कारण अजून औषधांचं सांगायचं आहे.

काही औषधे अशी असतात की ती घेतली की दंड-मांड्या दणकट होतात आणि जास्त सराव करता येतो. त्यांना उत्तेजक औषधे म्हणतात. खेळात त्यांना बंदी आहे. घेतलेली सापडली तर पदक काढून घेतात. १९८८ च्या सेऊलमध्येच पुरुषांची १०० मीटर शर्यत कॅनडाच्या बेन जॉन्सनने ९.७९ सेकंदांत जिंकली होती, पण तपासणीत औषध सापडले आणि त्याचे सुवर्णपदक काढून घेतले. तेव्हा बहुतेक तपासणी स्पर्धेच्या दिवशीच होई. सरावाच्या दिवसांत अचानक येऊन तपासायची पद्धत त्यानंतर वाढली.

पूर्व जर्मनीचे तर फार वाईट. १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाले आणि तिथली सरकारी कागदपत्रे बाहेर आली. त्यात असं निघालं की सरकारच खेळाडूंना अशी औषधे देत होतं. लहान मुलींनासुद्धा. निळ्या गोळ्या असत आणि मुलींना सांगत की या व्हिटॅमिनच्या आहेत. पुढे कित्येकींना मोठमोठे आजार झाले. मला सर्वांत राग याचा आला. आमच्या शाळेत गोळ्या वाटतात त्या जंतांच्या असतात आणि बाई आधी सगळं समजावून सांगतात. त्या मुलींना कोणी खरं सांगितलंच नाही.

पण आता नीट वाचा, नाहीतर माझ्यावर खोटं बोलल्याचा आळ येईल. मारिटा कॉख तपासणीत कधीही दोषी सापडली नाही. फ्लॉरेन्सही नाही. तिची सेऊलमध्ये तपासणी झाली होती, त्यात काही निघालं नाही. लोकांनी संशय घेतला, आरोप केले, पण आरोप म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय फ्लॉरेन्स आता नाही. तिला विचारता येत नाही आणि तिला उत्तरही देता येत नाही. आमच्या वर्गात कोणाची पेन्सिल हरवली की गुरुजी आधी विचारतात, "बघितलंस का घेताना?" नसेल बघितलं तर नाव घ्यायचं नाही, असा नियम आहे.

पण मग इलेन, शेरिका आणि सिडनी यांचं काय? त्यांची कधीही, कुठेही तपासणी होते. पहाटे घरी येऊनसुद्धा. त्यांचे बूट नवे आहेत, धावपट्ट्या जुन्यापेक्षा चांगल्या आहेत, तरी अर्धा मीटर राहतोच. त्यांना दर वेळी सांगतात, "तू जगात दुसरी." मला हेही बरोबर वाटत नाही. २०१७ साली युरोपातल्या ॲथलेटिक्स संघटनेने सुचवले होते की २००५ च्या आधीचे सगळे विक्रम बाजूला ठेवून नव्याने यादी करू. पण ज्यांनी प्रामाणिकपणे विक्रम केले होते ते चिडले. इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफचा मॅरेथॉनचा विक्रम २००३ चा होता, तिने जोरात विरोध केला. शेवटी तसं झालं नाही. मला विचाराल तर जुनी यादी फाडू नये. तिच्या शेजारी दुसरी यादी लावावी, अचानक तपासणी सुरू झाल्यानंतरची. दोन्ही भिंतीवर असाव्यात. गुरुजींना हे पटलं नाही. ते म्हणाले, मग दोन पहिले नंबर होतील. होऊ देत की!

हां, एक राहिलं. सगळेच जुने विक्रम अडकलेले नाहीत. कॅनबेराला कॉखच्या विक्रमाच्याच दिवशी पूर्व जर्मनीच्या चौघींनी ४ गुणिले १०० मीटर रिलेत ४१.३७ सेकंदांचा विक्रम केला होता. तो २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मुलींनी मोडला, ४०.८२. शेवटी पळणारी कार्मेलिटा जेटर रेषा ओलांडताना हातातली काठी घड्याळाकडे रोखून दाखवते. गुरुजींनी हे आम्हाला तीनदा दाखवलं, आम्ही चौथ्यांदा मागितलं पण घंटा झाली.

अडथळ्यांच्या शर्यतीचंही असंच. बल्गेरियाच्या योर्डांका डोंकोव्हाने १९८८ साली १०० मीटर अडथळे १२.२१ मध्ये पार केले होते. २०१६ साली अमेरिकेची केंड्रा हॅरिसन तिच्या देशाच्या ऑलिंपिक संघात निवडली गेली नाही. सहावी आली होती. तिला किती वाईट वाटलं असेल! आणि थोड्याच दिवसांनी लंडनला ती १२.२० मध्ये पळाली. आधी फळ्यावर चुकीची वेळ लागली, १२.५८. ती खाली मान घालून उभी होती. मग खरी वेळ लागली आणि ती जमिनीवर पडून रडायला लागली. एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने २८ वर्षांचा विक्रम मोडला. पुढे २०२२ साली नायजेरियाच्या टोबी अमुसनने तोही मोडून १२.१२ केला.

शंभरावा भाग म्हटला की आपल्या पी. टी. उषाची आठवण येते. १९८४ साली लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांत तिचे ५५.४२ सेकंद झाले आणि तिसरीचे ५५.४१. पदक गेले. आम्ही टेपने मोजले तर हे अंतर सात सेंटिमीटर निघते, म्हणजे चार बोटे. आणि आपल्या देशातला तिचा तो ५५.४२ चा विक्रमसुद्धा म्हातारा झाला. २०२३ साली चीनमधल्या आशियाई स्पर्धेत तमिळनाडूच्या विद्या रामराजने बरोबर तेवढेच ५५.४२ सेकंद केले. ३९ वर्षांनी. ना एक कमी, ना एक जास्त!

रविवारी मी हे सगळं आजीला वाचून दाखवलं. वाऱ्याचं तिला लगेच पटलं. ती म्हणाली, "उपणताना वारं कुठनं येतंय ते आधी बघावं लागतंय, ह्यांनी बघितलं न्हाई." औषधांचं ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या जमैकावालीचं काय नाव म्हणालीस?" मी सांगितलं, इलेन. तिला ते नीट म्हणता येईना, म्हणून ती तिला लेणी म्हणते.

पटांगणावर ध्वजस्तंभाच्या डावीकडे आम्ही मारलेल्या रेघा अजून आहेत. पहिली जाड रेघ म्हणजे विक्रम. तिच्यामागे चार बोटांवर उषाची, अर्ध्या मीटरवर इलेनची, मग शेरिकाची, मग रिलेची आणि सर्वांत मागे सिडनीची. प्रत्येकीवर नाव लिहिले आहे. मोठ्या पावसाने जातील, त्याआधी बघून घ्या. पहिलीच्या मुलांनी त्यावर लंगडी खेळू नये.

— इयत्ता ४ थी, हजेरी क्रमांक ११